साहेबांना विचारून सांगतो

सोलापूरच्या सात रस्ता चौकातून कुठल्याही रस्त्याला लागले तरी नाना तऱ्हेची कामाची ठिकाणे दिसतात. महापालिका परिवहनचा डेपो आहे, शासकीय विश्रामगृह आहे, दवाखाने, बँका, औषधांची दुकाने, शिकवणी वर्ग आहेत. सोलापुरात काय किंवा लातुरात काय, अशा कुठल्याही काउंटरवर नेहमीपेक्षा थोडे वेगळे काही विचारून पाहावे. पावतीवरचे नाव दुरुस्त करायचे आहे, बिलात पन्नास रुपये जास्त लागले आहेत, मूळ कागदाऐवजी झेरॉक्स चालेल का, एवढाच प्रश्न असतो. समोरच्या माणसाला उत्तर ठाऊक असते, कित्येकदा वीस वर्षांपासून ठाऊक असते. तरी तो म्हणतो, ‘साहेबांना विचारून सांगतो.’ आणि साहेब मीटिंगला गेलेले असतात.

याच्या अगदी उलट टोकाला दुसरे एक वाक्य आहे : ‘आपण सगळे मिळून ठरवू.’ ते बचत गटात ऐकू येते, सामाजिक संस्थेत ऐकू येते, कॉलेजच्या चार मित्रांनी काढलेल्या कंपनीत तर हमखास. ऐकायला ते फार चांगले वाटते. मग तीन बैठका होतात, चहा होतो, काही ठरत नाही, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याच्याकडे कपाटाची किल्ली, त्याच्या मनासारखे होते. पहिल्या ठिकाणी अधिकार वर अडकून पडलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी तो कुठे आहे हेच कोणाला सांगता येत नाही. दोन्हीकडची माणसे सारखीच थकतात.

अधिकार कुठे आहे हे न दिसण्याची गोष्ट गिरण्यांच्या सोलापूरला नवी नाही. १८७० च्या दशकात इथे जुनी गिरणी उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. कापड गिरणीची कागदावरची उतरंड सरळ असे : मालक, मॅनेजर, खात्याचा मास्तर, त्याखाली जॉबर, मग कामगार आणि सर्वांत शेवटी दारात ताटकळणारा बदली कामगार. प्रत्यक्षात कामगाराच्या रोजच्या जगण्याचा निर्णय जॉबरच्या हातात असे. आज कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला बरा माग द्यायचा, कोणाची रजा अडवायची, हे तो ठरवी आणि त्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले. भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. वरच्यांना वाटत होते की सत्ता आपल्याकडे आहे. खालच्यांना ती नेमकी कोणत्या खात्यात, कोणाच्या खिशात आहे हे पक्के माहीत होते.

आज जॉबर नाही. पण एकट्याकडेच पासवर्ड असलेला ऑपरेटर आहे, साहेबांचा मूड ओळखून फाइल आत नेणारा शिपाई आहे, मालकाचा मेहुणा आहे. म्हणून ज्या व्यवस्थापकाला, मुख्याध्यापिकेला, कारखानदाराला किंवा संस्थेच्या सचिवाला अधिकार खरोखर वाटायचे आहेत, त्याने पदांचा तक्ता काढत बसू नये. साधी दोनशेपानी वही घ्यावी.

त्या वहीत गेल्या तीन महिन्यांत झालेले वीस-पंचवीस निर्णय लिहावेत. मोठे नकोत, खरे हवेत. यंत्रमागाचा कारखाना असेल तर सूत कोणाकडून घेतले, बंद पडलेल्या मागाची दुरुस्ती कोणी मंजूर केली, रात्रपाळी कोणाला लावली, कोणाला उचल दिली आणि कोणाला नाकारली. दवाखाना असेल तर ड्युटी कोणी लावली, एका गरीब पेशंटचे बिल कमी करायला किती तास लागले. शाळा असेल तर वेळापत्रक, सहलीचे ठिकाण, गैरहजर शिक्षकाचा तास. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात : निर्णय खरोखर कोणी घेतला, त्याआधी कोणाला विचारले, किती दिवस गेले आणि तो चुकला असता तर त्रास कोणाला झाला असता. वही एकट्याने भरू नये. तीच यादी खालच्या दोघांना वेगवेगळी भरायला द्यावी. ‘निर्णय कोणी घेतला’ या रकान्यात तीन वह्यांत तीन नावे आली, तर दुखणे सापडले असे समजावे. माणसे इथेच सर्वांत जास्त चपापतात, आणि बदल टिकायचा असेल तर हे चपापणे सोसलेच पाहिजे.

नंतरचे काम सोपे वाटते, पण खरा वेळ त्यालाच द्यावा. यादीतला प्रत्येक निर्णय पुढे कसा घ्यायचा, ते एका शब्दात लिहायचे. शब्द चारच : सांगून, विचारून, मिळून, सोपवून.

‘सांगून’ म्हणजे वरचा ठरवील आणि बाकीच्यांना कळवील. आग लागली, पेशंट अत्यवस्थ झाला, कायद्याने ठरलेली तारीख आली, तर सभा घेत बसायचे नसते. पगाराची तारीख किंवा भविष्य निर्वाह निधीचा भरणा हे मतदानाचे विषय नव्हेत. समतेवर श्रद्धा असलेल्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावे.

‘विचारून’ म्हणजे निर्णय एकाचाच, पण आधी ज्यांना तो भोगायचा आहे त्यांचे ऐकून. या पद्धतीची जितकी फसवणूक होते तितकी कशाचीच होत नाही. आधी ठरवून मग विचारणे हा अपमान आहे आणि तो माणसांना लगेच कळतो. विचारले, पण सल्ला मानला नाही, असे खुशाल व्हावे. मात्र का मानला नाही ते त्याच आठवड्यात, त्याच माणसांना सांगावे. कारण न सांगता दोनदा विचारले, की तिसऱ्यांदा उत्तर येते, ‘तुम्ही म्हणाल तसे.’

‘मिळून’ घ्यायचे निर्णय थोडे असावेत. पाळीच्या वेळा, दिवाळी आणि रमजानच्या सुट्ट्यांची वाटणी, बोनसची पद्धत, टीममध्ये येणारा नवा माणूस, म्हणजे ज्यांच्यासोबत सगळ्यांना वर्षभर राहायचे आहे ते. आणि ‘सोपवून’ म्हणजे हद्द आखून देऊन मागे वळून न पाहणे. ‘दुरुस्तीचा खर्च तुम्ही बघा’ याला सोपवणे म्हणत नाहीत. ‘तीन हजारांपर्यंतची दुरुस्ती तुम्ही ठरवा, दर शनिवारी आकडा कळवा’ याला म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ‘सहभाग, सहभाग’ म्हणून ज्याच्यासाठी बैठका भरवल्या जातात, ते प्रत्यक्षात एका जाणत्या माणसावर सोपवायचे काम असते.

उतरंड मोडता येत नाही अशा ठिकाणीही एक अधिकार सर्वांत खाली देता येतो, तो म्हणजे थांबवण्याचा. विणकरांच्या शहराला ही गोष्ट आपलीच वाटावी. जपानमधल्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पुरा केला की ताण्याचा धागा तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. इकडे टोयोडांचे चिरंजीव मोटारींच्या मागे लागले आणि त्यातून टोयोटा कंपनी उभी राहिली. मागातला तो विचार मोटारीच्या कारखान्यात दोरीच्या रूपाने आला. कामगाराला काही खटकले की त्याने वरची दोरी ओढायची. टीमचा म्होरक्या धावत येतो, अडचण सुटली नाही तर सगळी लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला ‘का ओढलीस’ असे दरडावले जात नाही. नेमके काय बिघडले, एवढेच पाहिले जाते. ही शेवटची अट पाळली नाही, तर दोरी नुसती शोभेची राहते.

दोरी नसली तर काय होते, हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर दिसले. धुक्यात दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाण करणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले ना, अशी शंका काढली होती. कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेला. त्याने खात्रीने उत्तर दिले आणि विषय मिटला. या आणि अशा अपघातांनंतर वैमानिकांना एक नवे शिक्षण मिळू लागले : कनिष्ठाने शंका स्पष्ट कशी मांडायची आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकायची. ऑपरेशन थिएटरमध्येही तेच आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षिततेची यादी आणली. तिच्यात चिरा देण्याआधी क्षणभर थांबून टीममधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. ज्याने एकदा तोंड उघडले त्याला पुढे ‘डॉक्टर, थांबा’ म्हणणे सोपे जाते. सोलापूरच्या कुठल्याही दहा खाटांच्या दवाखान्यात हे उद्यापासून, एक पैसा खर्च न करता करता येईल. कॅशियरला संशयास्पद व्यवहार रोखण्याचा, ड्रायव्हरला ब्रेक सैल वाटला तर गाडी डेपोबाहेर न काढण्याचा अधिकार लिहून द्यावा. तोंडी नको. भिंतीवर, सहीनिशी.

आता दुसरे टोक. ‘आमच्याकडे कोणी साहेब नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीचे म्हणणे समजून घ्यावे. १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्तीच्या गटांत वावरताना तिने पाहिले की, जिथे नियम आणि पदे मुद्दाम टाळली जातात तिथेही नेतृत्व तयार होतेच; फक्त ते मैत्रीच्या कोंडाळ्यात लपते. निवडून न दिलेल्या माणसाला काढताही येत नाही. अशा गटात बाहेरून आलेली बाई सर्वांत असहाय असते, कारण निर्णय कुठल्या चहाच्या टपरीवर झाला हे तिला कधीच कळत नाही.

याचे चांगले उत्तर महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचे पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झाले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम महिनोन्‌महिने थांबले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी घेऊन त्यावर तोड काढली. आज तिथे हजारो भगिनी आहेत आणि प्रत्येक जण मालकीण आहे. कारभार भगिनींमधून आलेली २१ जणींची समिती पाहते. पगारी नोकर म्हणून पुरुष असतात, पण मालकीत आणि निर्णयात त्यांना वाटा नाही. लक्षात घेण्यासारखे हे की, मालकी समान असूनही काम मात्र काटेकोर विभागलेले आहे. पीठ कोण मळील, लाट्या किती वजनाच्या घरी न्यायच्या, परत आणलेला पापड कोण तपासील, हे ठरलेले असते. मालकिणीचा पापडही खराब निघाला तर नाकारला जातो. समता आणि शिस्त यांचे वाकडे आहे हा समज या बायकांनी साठ वर्षांपूर्वीच खोडून काढला, आणि तरी तो जात नाही याचे वाईट वाटते.

सोलापुरात याच्याच शेजारी ठेवून पाहावे असे चित्र आहे. इथल्या हजारो विडी कामगार बायका घरी विड्या वळतात आणि कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन देतात. तिथे तपासणारा विडी हातात घेऊन चांगली की छाट, म्हणजे बाद, ते ठरवतो. त्या एका क्षणात विडी वळणारीच्या दिवसाच्या मजुरीचा निर्णय होतो, आणि त्यात तिला शब्द नसतो. याच बायकांनी लाल बावट्याखाली, कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरे उभी राहिली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. म्हणजे एकच बाई सकाळी ब्रँचमध्ये मुकी आणि घराच्या संस्थेत मताची धनीण. क्षमतेचा प्रश्न नव्हता, रचनेचा होता. केरळात कन्नूरला १९६९ मध्ये खासगी कारखाने बंद पडल्यावर विडी कामगारांनी दिनेश विडीची सहकारी संस्था काढली, तिथे विडीचा कारखानाच कामगारांनी निवडलेल्या मंडळाकडे आला. म्हणून ब्रँच चालवणाऱ्यांना एवढे तरी करता येईल : छाट किती आणि का, हे रोज फळ्यावर लिहावे, वाद झाला तर दुसऱ्यांदा मोजताना कामगारांनी निवडलेली एक बाई शेजारी उभी असावी.

पण मत असले म्हणजे निर्णयात वाटा मिळालाच असे नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘मंजूर, मंजूर’चा गजर ठाऊक आहे. एका सभासदाला एक मत हा कायदा आहे, पण विषयपत्रिकाच हातात नसेल तर त्या मताचे काय करायचे? सोलापूरकरांना संमती शब्दाचा भार माहीत आहे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या विवाहसोहळ्यात तलावाकाठी संमती कट्ट्यावर आधी संमतीचे वाचन होते, सगळे ऐकतात, मग अक्षता पडतात. सभेलाही तोच क्रम हवा. कागद आधी, हात नंतर. किमान आठ दिवस अगोदर विषय, आकडे आणि दोन पर्याय हातात पडले नाहीत तर सभासदाने ‘पुढच्या सभेत घ्या’ म्हणायला कचरू नये.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तर बहुमतही नाकारले. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते. एकाचाही विरोध राहिला तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा होते, आणि त्याआधी अभ्यास गटात तो विषय नीट समजून घेतला जातो. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवलेल्या या गावाने बांबूचा व्यवहारही अशाच रीतीने चालवला. हे दुकानात किंवा दवाखान्यात रोज जमणार नाही. पण सर्वांना वर्षानुवर्षे बांधणारे एक-दोन निर्णय असे घेऊन पाहावेत. वेळ लागतो, मात्र नंतर कुरकुर करायला कोणी उरत नाही.

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती नसते. इथल्या एकाच शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू बोलणारी माणसे असतात. बैठक मराठीत, कागद इंग्रजीत आणि खरी चर्चा बाहेर तेलुगूत, असे सर्रास होते. मग साहेब म्हणतात, ‘आमची माणसे बोलतच नाहीत.’ बोलतात, फक्त त्यांच्या भाषेत आणि दारापलीकडे. बैठकीत पहिली दहा मिनिटे दोन-दोन, तीन-तीन जणांनी आपापल्या भाषेत बोलावे आणि एकाने सांगावे. सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावे, मालकाने सर्वांत शेवटी. एकदा मालकाने मत दिले की अण्णा, अक्का, मामा सगळे मान डोलावतात. तो आदर खरा असतो, म्हणूनच मालकाने सगळ्यांचे बोलून होईपर्यंत थांबायचे. पाळी सुटल्यावर, घरी जायच्या घाईत बैठक ठेवू नये. बायकांचा सहभाग तिथेच गळतो.

कायद्याने काही किमान वाटा ठरवून दिला आहे, तोही पुष्कळांना ठाऊक नसतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ४३अ मध्ये कामगारांचा व्यवस्थापनातला सहभाग हे राज्याचे धोरण म्हणून लिहिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला तक्रार निवारण समिती आवश्यक आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारखे, मिळून दहापर्यंत, आणि अध्यक्षपद एक वर्ष मालकाकडे तर एक वर्ष कामगारांकडे. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात, तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी आणि तिच्या अध्यक्षस्थानी बाईच हवी. अशा समित्या कागदावर नसाव्यात यासाठी त्यांच्या बैठकीची तारीख नोटीस बोर्डावर असावी, आणि नावे माणसांनी निवडलेली असावीत.

एवढे सगळे मनापासून केले तरी कसोटीचा दिवस पुढेच असतो. समजा, काउंटरवरच्या मुलीला पाचशे रुपयांपर्यंतची बिलाची दुरुस्ती स्वतः करायचा अधिकार दिला. दुसऱ्याच आठवड्यात तिने चुकीच्या माणसाला साडेतीनशे रुपये परत दिले. साहेबांच्या ओठावर वाक्य येते, ‘यापुढे मला विचारल्याशिवाय करायचे नाही.’ ते बाहेर पडले तर त्या खोलीतल्या सगळ्यांना धडा मिळतो आणि पुढची पाच वर्षे कोणी काही ठरवत नाही. त्याऐवजी त्याच संध्याकाळी, दार लावून, तिच्याजवळ बसावे. निर्णय घेताना तिला कोणती माहिती हवी होती आणि ती कोणाकडे होती, एवढेच विचारावे. उत्तर वहीत लिहावे, ती माहिती दुसऱ्या दिवसापासून तिच्या समोर येईल अशी सोय करावी आणि पाचशेची हद्द होती तशीच ठेवावी.

वहीच्या मागच्या पानावर रोज एक खूण करावी : आज किती वेळा ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणावे लागले. तीन महिन्यांनी खुणा मोजाव्यात. पाचशेची हद्द हजार करायची का, याचा विचार त्या दिवशी करावा आणि तो प्रश्न पहिल्यांदा त्या मुलीला विचारावा.